तीन पानांचा मोगरा

लातूर, ८ फेब्रुवारी

मनू,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. अकरा वर्षांनी पत्र लिहायचं आणि पहिल्याच ओळीत मोठेपणाचा शिक्का मारायचा, हे माझं मलाच बरं वाटेना. खोडलेलं दिसतंय तर दिसू दे. नवा कागद घेतला तर पत्र पेटीत टाकायचा धीर राहणार नाही.

फोन का नाही केला, म्हणशील. दिवाळीत दोनदा केला, तू उचलला नाहीस. उचलला असतास तरी तिसऱ्या वाक्याला आपण भांडलो असतो. कागदावर निदान खोडता येतं.

इकडे हवेचं काही खरं नाही. संक्रांतीला कुडकुडत होतो आणि आता फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात दुपारी पंखा लावावा लागतोय. शेवंती अजून आटपली नाही, तोवर मोगऱ्याला डोळे फुटले. समोरच्या आंब्याला मोहर लगडलाय आणि सकाळी धुकं पडतंय, म्हणजे तो काळा पडणार. औशाला या दिवसांत आपण दोघी एका गोधडीत पाय घालून अभ्यास करायचो आणि तुझे पाय बर्फासारखे गार असायचे. आता माझे असतात.

वर्षाराणी संक्रांतीच्या आधी येऊन गेली, हे तुला कळलं असेलच. बँकेच्या ट्रेनिंगला लातूरला आली होती, तुला न सांगता मावशीकडे जेवायला आली. पोरगी गुणाची आहे. तिला रागावू नकोस. जेवून गच्चीवर गेली आणि माझ्या झाडांमधून फिरता फिरता मोगऱ्यापाशी थांबली. म्हणाली, "मावशी, हा आज्जीचा मोगरा ना? आईनं सांगितलं होतं, त्याच्या एका पेरावर तीन तीन पानं असतात."

मी म्हटलं, नाही गं, औसा रोडच्या नर्सरीतून आणलाय.

ती नुसती बघत राहिली. तुझेच डोळे आहेत. तर ती काही म्हणाली असेल, तर एवढंच लक्षात ठेव की बटमोगऱ्याला पुष्कळदा तीन पानं असतात. त्यात विशेष काही नाही.

रेणुकादासरावांची शुगर कशी आहे? उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही.

तुझी,
अक्का


लातूर, २० फेब्रुवारी

चि. मनू,

पोस्टकार्ड मिळालं. 'पत्र पोचले. यांची तब्येत बरी आहे. काळजी घे. मनस्विनी.' अगं, एवढं तर वीज मंडळसुद्धा ग्राहकाला जास्त लिहितं. तरी मी ते तीनदा वाचलं आणि पोह्यांच्या डब्याखाली ठेवलं. सकाळी डबा काढताना दिसतं. अक्षर अजून तसंच आहे, 'ळ'चं पोट फुगलेलं. मी तुला त्या 'ळ'साठी किती बोलले होते.

महाशिवरात्रीला मोहर आणि गव्हाच्या ओंब्या वाहायला देवळात गेले होते. तिथं दोन बायका आपसात कुजबुजत होत्या, पलीकडच्या बंगल्यातली जास्वंद उद्या कशी उचलायची म्हणून. मला एवढं हसू आलं की हातातली घंटा वाजवायची राहिली. मनू, आपली आई काय चोर होती गं!

आठवतं का तुला? साऱ्या औशात आपल्यासारखं अंगण नव्हतं आणि त्यातलं एकही झाड आईनं विकत आणलेलं नव्हतं, की मागून आणलेलं नव्हतं. "मागून आणलेलं झाड रुसतं," म्हणायची. "दिलेल्या फांदीत देणारीचा जीव अडकून राहतो गं. तिकडं बघत बघत वाळून जाते ती. चोरून आणलेली कशी, पळून आलेल्या सुनंसारखी जीव लावून राहते." आणि तिच्या चोरीलाही रीत होती. फांदी एकच घ्यायची, तिरपी कापायची, आणि मागं राहिलेल्या जखमेला ओली माती लावून यायची. मालकिणीला कळू द्यायचं नाही. पण झाड लागून पहिली फुलं आली की ती स्वतः वापरायची नाहीत. ओल्या फडक्यात बांधून, ज्या घरची चोरी, त्या घराच्या उंबऱ्यावर गुपचूप ठेवून यायची. तोच कबुलीजबाब. आणि ठेवताना मालकिणीनं पकडलंच, तर तिनं चोराला आत बसवून खाऊ घालायचं.

तहसीलदारीणबाईंनी आईला पकडलं तो दिवस तुला आठवणार नाही, तू कडेवर होतीस. मी फाटकाबाहेर उभी होते, सात वर्षांची. वाटलं, आता आईला पोलीस नेणार. तहसीलदारीणबाई बाहेर आल्या, फडक्यातली लाल जास्वंद बघितली आणि म्हणाल्या, "सापडलात का आज! चला, सुशीला करते." आपण तिघी त्यांच्या ओसरीवर बसून सुशीला खाल्ला. भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे मऊसूत, वर शेंगदाणे. हिरवी मिरची तुझ्या जिभेला लागली आणि तू सारं औसा डोक्यावर घेतलंस. पुढं त्या आणि आई जन्मभराच्या मैत्रिणी झाल्या.

तो मोगराही आईनं असाच आणला होता, कुणाकडून ते मरेपर्यंत सांगितलं नाही. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकल्या की त्याचा वास आधी तुझ्या खाटेवर यायचा, कारण तू भिंतीकडची जागा बळकावायचीस.

मला तुला एक सांगायचं आहे. आज नको. आज नुसतं बरं वाटतंय, ते तसंच राहू दे. हवा पुन्हा पालटली आहे, सकाळी स्वेटर आणि दुपारी ऊन. तुझ्या छातीला हे सोसत नाही, जप.

अक्का


लातूर, ४ मार्च

मनू,

काल धुळवड झाली. खालची पोरं रंग खेळत होती आणि मी गच्चीवर मोगऱ्यापाशी बसून तुला सांगायची वाक्यं जुळवत होते. तेहतीस वर्षं पोरांना निबंध शिकवले, पण हे काही जुळेना. म्हणून जसं येईल तसं लिहिते. शेवटपर्यंत वाच, मग फाडायचं तर फाड.

माझ्या गच्चीवरचा मोगरा नर्सरीतला नाही. तो आईचाच आहे.

आई तुझ्या घरी वारली त्या जानेवारीत, आणि मार्चमध्ये आपण औशाचं घर रिकामं करायला जमलो, ती मोठी गारपीट झाली त्या वर्षी. 'मोगरा मनूला द्या,' असं आई सांगून गेली होती, सगळ्यांच्या देखत. मी थोरली. मी शिकवायला लागले ती पंचविसाव्या वर्षी, आणि त्या अंगणाला पाणी कुणी घातलं होतं तोवर? मी. पण शेवटचे आठ महिने आई तुझ्याकडे राहिली. 'माझी शाळा आहे, मला जमणार नाही' असं मीच म्हटलं होतं. तू एका शब्दानं काही म्हणाली नाहीस, तिला घेऊन गेलीस. म्हणून मोगरा तुझा झाला. ते बरोबरच होतं आणि तेच मला सहन झालं नाही.

त्या दुपारी तू आईची भांडी शेजारणींना द्यायला गेली होतीस. रेणुकादासराव जीप आणायला गेले होते. मी घरात एकटी. त्याआधी मी दोनदा फांदी चोरून नेली होती, दोन्ही वाळल्या होत्या. म्हणून या वेळी मी फांदी कापली नाही. खुरपं घेतलं आणि बुंध्याशी घालून गड्डा उभा चिरला. चांगले फुटवे होते ती बाजू मुळासकट उपटून ओल्या पोत्यात गुंडाळली आणि माझ्या पिशवीत, लुगड्यांच्या खाली घातली. तुझ्यासाठी जे ठेवलं त्याच्या भोवती माती दाबली, वरून दोन तांबे पाणी घातलं आणि तूच तो अर्धा गड्डा तेलाच्या डब्यात लावून मांडीवर धरून नांदेडला नेलास. गाडी हलली तेव्हा तू मला म्हणालीस, "अक्का, फुलं आली की पहिली तुलाच आणून देईन."

ते झाड पंधरा दिवसांत वाळलं. वाळणारच होतं. मी ते मारूनच तुझ्या हातात दिलं होतं.

इथवर एक चोरी आहे. चोरी तर आईनंही केली. पण पुढचं मी जे केलं त्याला रीतही नाही आणि नावही नाही. आईच्या वर्षश्राद्धाला साऱ्या नातेवाइकांसमोर कुणीतरी मोगऱ्याचं विचारलं. तू खाली मान घालून म्हणालीस, "जगला नाही. गारांचा मार बसला असेल." आणि मी, पिशवीतला मोगरा माझ्या गच्चीवर हिरवागार असताना, म्हटलं, "गारा तर आमच्याकडंही पडल्या. आईचं एक झाड तुला जगवता आलं नाही. आईला तरी काय सांभाळलं असशील!"

तू पानावरून उठलीस. जेवली नाहीस. वर्षाराणीचा हात धरून गेलीस. मला तेव्हाच धावत तुझ्यामागं यायला पाहिजे होतं. मी खीर वाढत राहिले.

आईला तू जेवढं सांभाळलंस तेवढं मी कधीच सांभाळलं नसतं, मनू. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी मोगऱ्याला पहिली तीन फुलं आली. रीत मला ठाऊक होती. मी ती आईच्या फोटोला घातली. तिनं फोटोतून काही म्हटलं नाही आणि मी त्यालाच परवानगी समजले. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी परातीत उभी राहून अंघोळ करायचे आणि ते पाणी मोगऱ्याला घालायचे. दहा दिवसांनी एकदा नळ. माझी तुळस गेली, कढीपत्ता गेला, मोगरा ठेवला. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं तर थोडी फुशारकी आहेच. तुझं झाड होतं, ते मी जगवलं, एवढं तरी कुणाला सांगावंसं वाटतं.

या वर्षी संक्रांत झाल्यावर त्याचं पाणी तोडलं, छाटला, पानं ओरबाडली, मग शेणखत घालून पाणी सोडलं, आई करायची तसं. कळ्यांनी भरलाय. पाडव्याच्या आत फुलेल. ये आणि घेऊन जा. सबंध झाड, कुंडीसकट. मुळाला हात लावणार नाही.

मी माफी मागते आहे. हा शब्द लिहायला मला चार पानं लागली.

अक्का


लातूर, १५ मार्च

मनू,

तुझं उत्तर नाही. मी रोज खाली जाऊन पेटी बघते. पण आज त्यासाठी लिहीत नाही.

काल चार वाजता गारा पडल्या.

दुपारपर्यंत अंगाची लाही होत होती. मग एकदम काळोखी आली आणि वारं सुटलं. मी धावत गच्चीवर गेले. कुंडी उचलेना, ती सिमेंटची आहे आणि मी अडुसष्ट वर्षांची. पहिली गार पाठीत बसली तेव्हा कुणी दगड मारला असंच वाटलं. मी मोगऱ्यावर ओणवी झाले. दुसरं काही सुचलंच नाही. केवळाबाई आल्या होत्या, त्या माझ्याकडे धुणंभांडी करतात. त्या जिन्यातून ओरडत होत्या, "बाई, झाडापायी डोस्कं फुटंल की वो! खाली या!" मी हलले नाही, तेव्हा त्या डोक्यावर घमेलं धरून आल्या आणि माझ्यावर सतरंजी टाकली. "काय येड लागलंय का काय ह्या बाईला," असं मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या.

दहा मिनिटांत सगळं संपलं. गच्ची पांढरी झाली होती. आंब्याच्या मोहराचा खच पडला होता आणि शेतांचं तर विचारूच नकोस, केवळाबाईंच्या भावाची ज्वारी काढणीला आली होती ती आडवी झाली. मोगऱ्याची एक कळी राहिली नाही. पानंही नाहीत. नुसत्या काटक्या, आणि त्यातल्या बऱ्याच मोडलेल्या. मी नखानं साल खरवडून बघत गेले. दोन फांद्यांत आत हिरवं आहे. बाकीचं कळत नाही.

माझ्या पाठीवर निळे वळ उठलेत आणि कपाळाला टेंगूळ आलंय, त्याचं काही नाही. पण रात्रभर मला एकच वाटत राहिलं. 'गारांचा मार बसला असेल,' असं तू म्हणाली होतीस, आणि मी सगळ्यांसमोर तुला हसले होते. आता कुणी मला विचारलं, बाई, मोगरा कसा गेला, तर मी काय सांगू? तेच सांगणार. आणि या वेळी ते खरं असेल.

औशाच्या आपल्या अंगणातलं आता जगात एवढंच उरलंय, मनू. दोन फांद्या. माझ्याकडून काय होईल ते करते, पण माझा माझ्या हातावर भरवसा नाही. तू लवकर ये. जगेल तर तुझ्याकडे जगेल.

अक्का


लातूर, २० मार्च

मनू,

तुझं कार्ड काल पाडव्याच्या दिवशी मिळालं. 'दोन्ही पत्रे वाचली. मोगरा तुझ्याकडेच राहू दे. मला काही नको.' खाली सहीसुद्धा नाही.

मी गुढीपुढं कडुलिंबाची पानं आणि गूळ घेऊन बसले होते. तशीच बसले. रागावले नाही तुझ्यावर, खरंच. उलट मला वाटलं, हिनं अकरा वर्षांपूर्वी हे असं तोडून बोलायला पाहिजे होतं, म्हणजे माझी जीभ तिथंच थांबली असती. तू नेहमी ऐकून घेतलंस. लहानपणी मी तुझी वही फाडली तेव्हाही तू आईला 'वाऱ्यानं फाटली' म्हणून सांगितलंस.

तुला मी पुन्हा 'ये' म्हणणार नाही. दोन्ही फांद्या अजून हिरव्या आहेत, एवढं कळवते.

अक्का


लातूर, १७ एप्रिल

मनू,

काल मी तुझ्या दारात येऊन गेले, हे एव्हाना तुला कळलं असेल.

गारांनंतर पंचविसाव्या दिवशी त्या दोन फांद्यांवर तीन तीन पानं फुटली. मग ऊन तापलं, मी सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं, आणि सोमवारी कळ्या दिसल्या. काल पहाटे सात कळ्या उमलायच्या बेतात होत्या. मी त्या खुडल्या, आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधल्या, फडकं भिजवलं आणि पहिली नांदेडची गाडी धरली. अहमदपूर येईपर्यंत शेजारची बाई सारखी हुंगत होती. शेवटी म्हणाली, "कुठं लगीन हाय का?" मी म्हटलं, बहिणीकडं चाललेय. तिला ते कारण पुरलं.

लोह्याच्या पुढं फडकं वाळायला लागलं, तेव्हा पिण्याचं सगळं पाणी त्याच्यावर ओतलं. नांदेडच्या अलीकडे विष्णुपुरीला उतरून तुझं घर शोधायला अर्धा तास लागला. कॉलेजच्या मागं एवढी वस्ती झालीय, मला काही ओळखू येईना. तुझं फाटक मात्र लगेच ओळखलं. कुंपणाला जाई आहे, कोरांटी आहे, सदाफुली आहे, लाल जास्वंद आहे. मोगरा कुठंच नाही. एक कोपरा तू रिकामा ठेवलायस, भिंतीकडचा. तो बघतच मी फाटक उघडलं.

फडकं उंबऱ्यावर ठेवलं. अकरा वर्षं उशिरा आलेली फुलं होती ती, पण गारांनंतरची पहिली होती, एवढं तरी खरं.

मग रीतीप्रमाणे मी पळून जायला पाहिजे होतं. मी फाटकाशी रेंगाळले. चप्पल नीट करायचं सोंग केलं, तेही दोनदा. तुझ्या खिडकीचा पडदा हलला, मनू. मी तो हलताना बघितला. वाटलं, आता दार उघडेल आणि तू म्हणशील, सापडलीस का आज. मी उन्हात उभी राहिले, डोक्यावर पदर घेऊन, एका म्हाताऱ्या चोरासारखी. दार उघडलं नाही. मग मी परतीची गाडी धरली आणि लोह्यापर्यंत रडले. कंडक्टरनं बिचाऱ्यानं दोनदा विचारलं, "आज्जी, बरं वाटंना का?"

पडदा वाऱ्यानं हलला असेल, असं मी आता स्वतःला सांगते आहे. काल वारं होतं थोडं.

माझ्याकडून जे राहिलं होतं ते झालं. यापुढं पत्र लिहून तुला त्रास देणार नाही.

अक्का


लातूर, ९ मे

मने,

लिहिणार नव्हते. शब्द मोडते आहे आणि त्याला कारण तू आहेस.

परवा मी औशाला गेले होते, एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीच्या लग्नाला. सकाळी निघाले, दिवेलागणीला परत आले. आपल्या गल्लीतून मुद्दाम फेरी मारली. आपल्या अंगणात आता कुणाची तरी चारचाकी उभी असते. तहसीलदारांच्या बंगल्याची जास्वंद मात्र आहे अजून, भिंतीवरून बाहेर वाकलेली. एक फूल मी चोरलं. या वयात!

घरी आले, हातपाय धुतले आणि मोगऱ्याला पाणी घालायला वर गेले. तर माझ्या दोन फांद्यांतली उजवीकडची, जिच्यावर नवे फुटवे धरले होते, तिचं टोक जागेवर नव्हतं. मोडलेलं नव्हतं. कापलेलं होतं. तिरपं. आणि कापल्या जागी ओली माती लावलेली होती, अंगठ्यानं दाबून. ठसा उमटलेला होता.

मी खाली बसले. माझ्या हातातला तांब्या तसाच कलंडला.

केवळाबाई आत भांडी घाशीत होत्या. विचारलं, दिवसभरात कुणी आलं होतं का? माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "न्हाई बा. कोन येतंय असल्या उन्हाचं?" मोरीत दोन कपबशा होत्या. मी त्या उचलून त्यांच्या पुढ्यात धरल्या. तेव्हा हसायला लागल्या. "येक बाई आल्त्या. पानी पिल्या, च्या पिल्या, मंग म्हनल्या जरा गच्ची बघून येते. नाव सांगू नका म्हनल्या अन् मी कुटं नाव सांगून राहिले? पन बाई, नाक तुमचंच व्हतं."

गधडे! मे महिन्यात कुणी फांदी नेतं का? वर आग, खाली आग. आईनं तुला एवढंही शिकवलं नाही का? आणि सबंध झाड कुंडीसकट घेऊन जा म्हणून मी नाक घासत होते, तेव्हा म्हणे 'मला काही नको'. मग लातूरला साडेतीन तास गाडीत बसून, माझ्या माघारी माझ्या गच्चीवर चढून, माझ्या दोन फांद्यांतल्या एकीला हात घालायचा! वर्षाराणीला फोन करून मी औशाला कधी जाणार ते काढून घेतलंस, हेही मला कळलंय. ती पोरगी आपल्यापैकी कुणाचंच गुपित ठेवत नाही. दोन्हीकडून.

मी त्या रात्री जेवले नाही. भूकच नव्हती. मातीवरच्या त्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. तुझा लहान आहे, पहिल्यापासून.

तर आता ऐक. ओल्या वाळूत लाव, मातीत नको. भिंतीकडच्या त्या कोपऱ्यात लगेच नेऊ नकोस, आधी सावलीत ठेव. काल संध्याकाळी लोह्याकडं अवकाळी पाऊस झाला म्हणे, तुझ्याकडंही झाला असेल. एरवी मी या पावसाला शिव्या घातल्या असत्या, काल नाही घातल्या. चार पानं गळतील, घाबरू नकोस. पाचवं धरून ठेवील. आणि नाही जगली तर कुणाला काही सांगत बसू नकोस, गुपचूप येऊन दुसरी ने. मी बाहेर जाईन त्या दिवशी. सांगशील तेव्हा बाहेर जाईन.

जगलीच, आणि पुढच्या वर्षी फुलं धरली, तर रीत तुला ठाऊक आहे. माझ्या दाराला फाटक नाही, तीन पायऱ्या आहेत, उंबरा नीट आहे. पण एक सांगून ठेवते. विष्णुपुरीहून पहिल्या गाडीनं निघालीस तर दहाच्या आत पोचत नाहीस, आणि त्या दिवसांत मी सकाळपासून दाराआडच खुर्ची टाकून बसणार आहे. पडदाबिडदा हलवणार नाही. सरळ मनगट धरणार आहे.

मुरमुरे भिजवून ठेवीन. मिरची वेगळी तळीन, तुझ्या घासात येणार नाही.

तुझी,
अक्का